एक दात पुढे

१

बोरखिंडीच्या चढावर मोटरसायकल उभी होती आणि तिच्यात काहीही बिघडलेलं दिसत नव्हतं. टाकीत पेट्रोल होतं, चाकांत हवा होती, दिव्याची काचसुद्धा शाबूत होती. ती फक्त चढत नव्हती.

चढाच्या वर, बोरखिंड गावात, येसाजी म्हसेच्या ओटीवर त्याची बायको मैना झाकून ठेवली होती. दसरा उलटून थोडेच दिवस झाले होते. हळवं, लवकर पिकणारं भात कापताना तिला घोणस चावली. निरोप कर्जतेला पोचला, डॉक्टर फणसे सापाच्या विषावरची मुंबईची लस घेऊन याच मोटरसायकलवर निघाले, कशेळ्यापर्यंत झकास आले, आणि पुढच्या चढाला गाडीनं मान टाकली. डॉक्टर लसीची पेटी छातीशी धरून पळत सुटले. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस जितका पळू शकतो तितके पळाले. ते पोचले तेव्हा बायकांनी रडायला सुरुवात केली होती.

सापावर गुन्हा दाखल करता येत नाही. मोटरसायकलवरही येत नाही. उरला भिवाजी मिस्त्री. कर्जतच्या बाजारपेठेमागे त्याची पत्र्याची शेड होती, आणि दसऱ्याला गाडी त्याच्याच शेडमध्ये खोललेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बोरखिंडीची माणसं कोयते घेऊन उतरली, तेव्हा फौजदार गुप्त्यांच्या हवालदारानं भिवाजीला आधीच कचेरीत आणून कोठडीत घातलं होतं. याला कागदावर अटक म्हणतात. खरं तर ते लपवणं होतं.

फौजदार राजाराम गुप्ते बी.ए. होते आणि ही पदवी त्यांना आजवर एकदाही उपयोगी पडली नव्हती. मागची बरीच वर्षं खालापुरात गेली. तिथं सगळ्यात मोठा गुन्हा कोंबड्यांचा, आणि कोंबड्या सहसा स्वतःहूनच सापडत. आता कचेरीसमोरच्या वडाखाली चाळीसेक माणसं बसली होती. त्यांच्या मांडीवर कोयते होते आणि ती काही बोलत नव्हती. बोलली असती तर गुप्त्यांना बरं वाटलं असतं.

येसाजीचा भाऊ कोंडाजी तेवढा पायरीपर्यंत आला. "फौजदारसाहेब, दिवस मावळंपरेंत तुमचा कायदा. मग आमचा."

"आणि मी गोळी चालवली तर?"

"चालवा की. तुमच्यापाशी दोन बंदुका हायेत. त्यातली एक चालत नाय, हे अख्ख्या तालुक्याला ठावं हाय."

ते खरं होतं. गुप्त्यांनी विषय बदलला.

२

भिवाजी कोठडीच्या भिंतीला टेकून स्वतःच्या हातांकडे बघत बसला होता. युद्धात तो लष्कराच्या मोटारखात्यात फिटर होता. वाळवंटातली धूळ खाऊन डोळे अधू करून परत आला होता. समोरची भाकरी तशीच होती. गजाच्या बाहेर त्याची बायको सुंदरा उभी होती.

"खा की रं मेल्या," ती म्हणाली. मग पदर तोंडाला लावून गुप्त्यांकडे वळली. "साहेब, ह्यो काल रातपासून एक शबुद बोलला नाय. बाहेरचे मारतील तवा मारतील, ह्यो आधीच मरल."

"भिवाजी," गुप्ते म्हणाले, "गाडी कशानं बंद पडली?"

भिवाजीनं मान वर केली नाही. "डाक्तर काय म्हनले? सुरू कराया किती किका मारल्या?"

"घाम फुटला म्हणाले."

"कारबुरेटरातनं फटाफट उलटं थुकत व्हती?"

"तसंच काहीसं. इंजिन तापून लाल झालं. सपाटीला धावली, चढाला मेली."

भिवाजीनं बोटांवर काहीतरी मोजलं. "मग झडपांचं टायमिंग गेलंय, साहेब."

गुप्त्यांनी बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं. त्यात झडपा नव्हत्या.

"इंजिन चार कामं करतं," भिवाजी भिंतीशी बोलावं तसा बोलू लागला. "वारा-पेट्रोल वढायचं, दाबायचं, पेटवायचं, धूर सोडायचा. वढायची एक झडप, सोडायची एक. कवा उघडायच्या न् कवा मिटायच्या, ते दातेरी चाक सांगतं. ल्हान चाकाचे दोन फेरे, मोठ्याचा एक. दोगांचे दात ठरल्या जागी गुतवायचे. एक दात पुढं बसला का झडप अवेळी उघडती. सपाटीवर समजत नाय. चढावर इंजिनाचा जीव जातो."

"मग ते चाक कोणी हलवलं?"

"हलत नाय ते. बंद पेटीत असतं. पेटी दसऱ्याच्या वक्ताला खोलली ती मी, बसवली ती मी." त्यानं दोन्ही हात गुप्त्यांपुढे धरले. "म्हंजे हेच हात. लिवा साहेब. भिवाजीनं मैनावयनीला मारली, लिवा. आन् दार उघडा."

सुंदरानं गजावर कपाळ आपटलं.

गुप्त्यांनी लिहिलं नाही. आयता कबुलीजबाब मिळूनही तो न लिहिणारा फौजदार खात्यात क्वचितच सापडतो, आणि सापडला तर त्याची बदली खालापुरला होते. पण या माणसाला आपण चुकलो हे कळत होतं, कुठं चुकलो हे सांगता येत नव्हतं. तेच गुप्त्यांना खटकलं.

३

दुपारी गाडी बैलगाडीतून आली. आणली ती खुद्द येसाजीनं.

सुतकातला माणूस, डोकं भादरलेलं, डोळे कोरडे. हाच तो येसाजी, ज्यानं कल्याणच्या लष्करी लिलावातून ही मोटरसायकल उचलली आणि डॉक्टरांच्या दारात नेऊन लावली. आदल्या पावसाळ्यात शेजारची सोनुबाई बाळंतपणात वाटेवरच गेली होती. "फटफट तुमची, हाक आमची," एवढंच त्यानं डॉक्टरांना सांगितलं होतं. त्याला स्वतःला ती चालवता येत नव्हती. गावानं हसून घेतलं होतं. हसणाऱ्यांतले बरेच जण आता वडाखाली होते.

गुप्त्यांनी त्याला बाकावर बसायला सांगितलं. येसाजीनं आधी उपरण्याच्या टोकानं बाक पुसला. मग बसला. बसल्याबसल्या टेबलावरच्या कंदिलाची काच पुसली. हाताला सवय असते. हाताला सुतक नसतं.

"त्या भिवाजीशी माजं वैर नव्हतं," तो म्हणाला. "का केलं त्यानं, तेवढं फकस्त विचारा. मंग त्याचं काय करायचं ते करा."

गुप्ते खिडकीतून बैलगाडीकडे बघत राहिले. दसऱ्याची पूजा अजून तिच्यावर होती: जुवाला, आसाला, दोन्ही चाकांच्या तुंब्यांना शेंदराचे टिळे आणि टिळ्यांत रुतलेल्या अक्षता. एक सांधा सुटला नव्हता. देवानं या माणसाशी हिशेब करायला बसावं आणि बोलती बंद व्हावी, असं ते प्रकरण होतं.

मग आले डॉक्टर. ते खुर्चीत बसले आणि न विचारताच फुटले.

"गुप्ते, मी पेट्रोलमध्ये रॉकेल घालतो."

"काय?"

"रेशनचं पेट्रोल पंधरवडाही पुरत नाही. अर्धा तालुका पालथा घालायचा असतो मला. थोडं रॉकेल घालतो. माझ्यामुळेच गेली असणार ती." वडाखालच्या लोकांना हे ऐकू गेलं असतं तर त्यांनी कोठडीचं दार सोडून डॉक्टरांचा दवाखाना धरला असता.

"दसऱ्याच्या आधीही घालत होता?"

"वर्षभर."

"आणि बोरखिंडीचा चढ चढत होती?"

"पाऊस असो, चिखल असो. पाठीमागे रोगी बसवूनसुद्धा."

"मग हे पुन्हा कोणाला सांगू नका," गुप्ते म्हणाले. एक वाट बंद झाली होती.

राहिला बुधाजी टांगेवाला. फटफटी आल्यापासून कशेळ्याची भाडी कमी झाली म्हणून तो चहाच्या हॉटेलात रोज तिला शिव्या देई. 'एक दिस उताणी पाडीन' हे त्याचे शब्द अख्ख्या बाजारानं ऐकले होते.

"म्हनलो व्हतो," बुधाजी म्हणाला. "माजी बायकू बी म्हनती मला विहिरीत ढकलीन. अजून ढकलला नाय."

"त्या दिवशी कुठं होतास?"

बुधाजीनं छातीवर हात मारला. "कशेळ्यास्नं कर्जतेला निरोप कुणी आनला, विचारलंत का कुनाला? ह्या बुधाजीनं. घोड्याला चाबकानं फोडला, साहेब. जल्मात मारला नव्हता. आज त्यो तीन पायांवर उभा हाय. मैनावयनी माज्या टांग्यात बसायची, तवा घोड्याला पेंढीभर गवत घेऊन यायची. पाडायचीच असती तर तिच्यासाठीच पाडीन का मी फटफट?"

दुसरी वाटही बंद झाली. ऊन वडाच्या मुळांपर्यंत आलं होतं आणि एका एका माणसानं कोयता घासायला काढला होता.

४

गुप्त्यांनी ठरवलं की इंजिन खोलायचं. अंगणात, सगळ्यांदेखत. निदान तोवर लोक इंजिनाकडे बघतील.

भिवाजीला बाहेर आणल्यावर वडाखालून एक घुरघुर उठली. येसाजीनं हात वर केला आणि ती थांबली. सुंदरा नवऱ्याचा पान्ह्यांचा डबा घेऊन आली.

"झाकण कोणी खोललेलं दिसतं का बघ आधी," गुप्ते म्हणाले.

भिवाजीनं बोट फिरवलं. झाकणाच्या सांध्याला तेलात कालवलेला शेंदूर वाळून घट्ट झाला होता. मिस्त्री लोक तेल गळू नये म्हणून लावतात तसा. "नाय साहेब. माजा सांधा हाय. कुठं चीर नाय."

"म्हणजे बसवल्यानंतर कोणी हात लावलेला नाही."

"म्हंजे मीच."

झाकण निघालं. आत दोन दातेरी चाकं एकमेकांत गुंतलेली, लहान आणि मोठं. लहानाच्या दातावर लाल खूण, मोठ्याच्या खाचेत लाल खूण, दोन्ही समोरासमोर. भिवाजी बघत राहिला.

"बरुबर हाय," तो पुटपुटला. "साहेब, बरुबर हाय! खोलायच्या आधी मी शेंदरानं खूण घातलेली. त्याच खुणा जुळवल्या. ह्ये बगा!"

वडाखाली कोणीतरी थुंकलं. "बरुबर हाय तर मेली कशी?"

"कारखान्याची खूण नसते का?" गुप्त्यांनी विचारलं.

भिवाजीचा चेहरा पडला. "असती. ठोकलेला बारीक ठिपका. मला दिसत नाय आता. म्हनून तर शेंदूर घालतो. सारजंट वरडायचा, ठिपका बग, ठिपका बग... मी नाय बगितला."

गुप्त्यांनी चष्मा काढून भिंगासारखा धरला. रॉकेलच्या चिंधीनं मोठ्या चाकाची कड पुसली, लाल खूण सोडून. ठिपका सापडला. तो लाल खुणेच्या शेजारी होता.

एक दात मागे.

५

"तुझी खूण चालत गेली," गुप्ते म्हणाले.

"खूण कशी चालंल, साहेब?"

गुप्ते वाकून बघतच राहिले. लहान चाकावरची खूण बारीक, उभी रेघ होती. मोठ्यावरची गोल होती, वर जराशी ओढलेली.

"खूण कशानं घालतोस?"

"आगपेटीच्या काडीनं."

"दोन्ही?"

"कवाबी काडीनंच."

"मग ही बोटानं कोणी घातली?"

भिवाजीनं डोळे चाकाला टेकवले आणि हळूच म्हणाला, "मला वाटलं शेंदूर पसरला."

हवालदार पुढे सरसावला. "मंजे वैऱ्यानं खूण बदलली, साहेब! बुधाजीनं!"

"आमच्यावर कुठं येतो रं भाड्या?" बुधाजी गर्दीतून ओरडला.

"वैऱ्याला एवढी काळजी कशाला?" गुप्ते म्हणाले. ते स्वतःशीच बोलत होते. "वैरी मूठभर वाळू टाकील. खूण पुसून मोकळा होईल, नाहीतर चाकाच्या पलीकडच्या अंगाला घालील. मग गाडी सुरूच झाली नसती आणि भिवाजीनं तेव्हाच सगळं पुन्हा खोललं असतं. इथं खूण होती तिथंच परत घालायचा कोणीतरी जिवापाड प्रयत्न केलाय. फक्त नेमकी जागा त्याच्या लक्षात राहिली नाही. सुंदरा, हे मोठं चाक किती वेळ बाहेर होतं?"

"खंडेनवमीच्या आधल्या दिशी काढलं," सुंदरा म्हणाली. "आतलं बूश झिजलेलं, ते खोपोलीस्नं कातून आनायचं व्हतं. मंग खंडेनवमी आली. त्या दिशी हत्याराला हात लावत नाय आमी. समदी फळीवर मांडली, चाकबी मांडलं, पूजा केली. दसरा झाल्यावर यानं बसवलं."

"पूजा कशानं केली?"

"हळद-कुंकू. दोन फुलं."

"शेंदूर? अक्षता?"

"शेंदराचा डबा तिथंच व्हता, पन आमी नाय लावला. आन् अक्षता कुठल्या साहेब?" ती कडवट हसली. "रेशनात पोटाला तांदूळ नाय, यंत्राला कुठनं लावू?"

"दुकानात कोण कोण आलं?"

"दार उघडंच असतं त्या दोन दिशी. दसऱ्याला सोनं द्याया बुधाजीभावोजी आले, डाक्तर आले. आपट्याची पानं दिली न् गेले, उंबऱ्याच्या आत नाय आले. आन्..."

ती थांबली. गुप्त्यांच्या हातात टाचणी होती आणि टाचणीच्या टोकानं त्यांनी त्या गोल लाल टिळ्यातून काहीतरी उचकटून तळहातावर घेतलं होतं. शेंदरानं माखलेला, तुटका तांदळाचा दाणा.

कर्जतेच्या बाजारात अक्षता लावण्याइतका तांदूळ कोणाच्या घरात नव्हता. ज्याच्या घरी स्वतःचं भात होतं, ज्याच्या बैलगाडीचा एकही सांधा टिळ्यावाचून राहत नव्हता, जो बसण्याआधी बाक पुसत होता, असा माणूस अंगणात एकच होता. मळलेल्या चाकाला टिळा कसा लावायचा म्हणून त्यानं ते आधी पुसलं असणार. पुसल्यावर ध्यानात आलं असणार की त्यावर कोणाचातरी टिळा होता. लावलेला टिळा आपल्या हातानं पुसला जाणं हा अपशकुन. तो घरच्या लक्ष्मीवर येतो, हे प्रत्येक संसारी माणसाला माहीत असतं. म्हणून घाईघाईनं, तिथल्याच डब्यातल्या शेंदरानं, आठवेल त्या जागी.

गुप्त्यांनी मूठ मिटली. मान वर करायचं त्यांना धैर्य झालं नाही. उत्तर सापडल्यावर माणसाला बरं वाटतं असं तर्कशास्त्राच्या पुस्तकात लिहिलं होतं. पुस्तक लिहिणारा फौजदार नसावा.

"काय सापडलं?" कोंडाजी ओरडला. कोयता हातात घेऊन तो अंगणात आला होता. त्याच्यामागे बाकीचे उठत होते. "नाव सांगा!"

६

गुप्ते उभे राहिले. आयुष्यात त्यांनी सरकारी कागदावर पुष्कळ खोटं लिहिलं होतं, पण तोंडानं, चाळीस माणसांसमोर, पहिल्यांदाच बोलत होते.

"नाव नाही," ते मोठ्यानं म्हणाले. "कारखान्यातच ठिपका चुकीचा ठोकलाय. विलायतेत. भिवाजीनं खुणा बरोब्बर जुळवल्या, तुम्ही सगळ्यांनी पाहिल्या. लष्करानं भंगार विकलं आणि आपण घेतलं."

कोणीतरी म्हणालं, "गोऱ्यांचंच काम ते!" आणि सगळ्यांना एकदम पटलं. त्या वर्षी विलायतेवर दोष ठेवला की कोणालाच पुरावा लागत नव्हता. कोंडाजीनं कोयता काखेत मारला, कारखान्याच्या आईबापांचा उद्धार केला आणि माणसं पांगू लागली. बुधाजी लंगड्या घोड्याकडे गेला. सुंदरानं कोठडीतून मघाची भाकरी आणली आणि पायरीवर बसून ती स्वतःच खायला घेतली.

भिवाजी हलला नव्हता. त्याला ठाऊक होतं की ठिपका चुकीचा नसतो. तो गुप्त्यांच्या मिटलेल्या मुठीकडे बघत होता.

येसाजीही हलला नव्हता.

"साहेब," तो म्हणाला, "दाना बगू."

"कसला दाणा?"

"मूठ उघडा."

गुप्त्यांनी उघडली. येसाजीनं दाणा उचलला, उपरण्याच्या टोकानं पुसायला गेला, आणि त्याचा हात तिथंच थांबला. पुसलं नाही.

"वरच्या खाचराचा हाय," तो म्हणाला. "टोकाला तांबूस. मैनानं निवडून दिल्ता. म्हनली, फटफटीला बी लावून या, ती आपली लक्षुमी." त्यानं मान वळवून चाकाकडे पाहिलं. "चाक लई मळलेलं व्हतं."

"येसाजीदादा," भिवाजी पुढे झाला, "चूक माजी. ठिपका बगायचं काम माजं. रेघेचा टिळा झालेला, मला दिसाया पायजे व्हता. तुमी नका..."

"गप रं." आवाज चढलेला नव्हता. "तू माज्या चुकीपायी कोठडीत मरायला निगालावतास. आता परत नको मरू." त्यानं दाणा कमरेच्या चंचीत ठेवला. "साहेब, तुमी खोटं बोललात."

"हो."

"मला शिक्षा काय?"

गुप्त्यांनी पुष्कळ शोधली. कायद्यात नव्हती. "नाही," ते म्हणाले, आणि तो शब्द निकाल म्हणून फार जड वाटला.

येसाजी मोटरसायकलपाशी उकिडवा बसला. "भिवाजी, नीट कर ती. माज्यादेखत कर."

भिवाजीनं मोठं चाक काढलं. येसाजीनं गुप्त्यांचा चष्मा मागून घेतला आणि ठिपक्यावर धरून ठेवला, भिवाजीला दिसेपर्यंत. ठिपका ठिपक्यासमोर आला. मग भिवाजीनं कानस घेतली आणि ठिपक्याशेजारी लोखंडात एक खोल खाच पाडली. बोटाला लागणारी, कशानंही न पुसणारी. उरलेला शेंदूर येसाजीनं रॉकेलच्या चिंधीनं पुसला. लाल काही उरू दिलं नाही.

झाकण बसलं. तेवढ्यात डॉक्टरांचा माणूस धावत आला: पोशीरला एक बाई अडली होती. डॉक्टर पेटी घेऊन आले, अंगणातल्या तीन चेहऱ्यांकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. गाडीवर बसले, दात आवळून, अंगातला सगळा जोर काढून त्यांनी किक मारली.

गाडी पहिल्याच किकला सुरू झाली.

येसाजीनं दोन्ही हातांनी कान झाकले आणि ती दिसेनाशी झाल्यावरही ते काढले नाहीत.